पडलेल्या दातात सेव्ह झालेलं बाळपण

गेल्या रविवारी पुतण्याचा पहिला दात पडला. वालीवच्या आमच्या चाळीवर पत्रेच आहेत, त्यामुळे दात छपरावर फेकायला तो धावलाच होता. मी म्हटलं, थांब, हे मेमरी कार्ड आहे! वहिनी हसली. पण मी गंमत करत नव्हतो.

दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, थराथरानं बनतं. रोजची एक बारीक रेघ. जन्माच्या वेळची रेघ तर मायक्रोस्कोपखाली वेगळी ओळखू येते. एकदा थर तयार झाला की शरीर तो पुन्हा बदलत नाही. फोनच्या भाषेत, फाइल रीड-ओन्ली. हाडाचं तसं नाही. ते आयुष्यभर नव्यानं बनत राहतं आणि पुरल्यावर मातीतले घटकही शोषून घेतं. म्हणून लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजांचं आयुष्य वाचायचं तर संशोधक आधी दात शोधतात.

वाचतात कसं? लेझरनं दातावर ओळीनं सूक्ष्म ठिपके मारायचे आणि उडालेल्या कणांत कोणतं मूलद्रव्य किती, ते मोजायचं. इथे कामाला येतं बेरियम. पोटात असताना बाळाला ते आईकडून फारसं मिळत नाही. दूध सुरू झालं की दातातलं प्रमाण वाढतं, वरचं अन्न वाढलं की उतरतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफाँटेनच्या गुहांत ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानसचे २० लाख वर्षांहून जुने दात सापडले. रेनो जोआन-बोयो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ते असे तपासले. साधारण पहिलं वर्ष मुख्यतः आईचं दूध, हे दिसलं. पण नंतर बेरियम पुन्हा वर, पुन्हा खाली, असं काही वर्षं चाललेलं. त्यांचा अंदाज असा की खायची टंचाई झाली की आई मोठ्या पोरालाही परत अंगावर घ्यायची. मला तरी हा अंदाज पटतो.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, घोड नदीकाठी, सुमारे ३००० वर्षांपूर्वीची मुलं घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली सापडली. जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी त्यांचे दात अभ्यासले. ते काम रसायनाचं नव्हे, इनॅमलमधल्या खळग्यांचं. पोषण कमी पडलं किंवा आजार झाला की थर नीट बनत नाही आणि तिथे खड्डा राहतो.

वहिनी आता हसत नव्हती. पुतण्या पाच महिन्यांचा असताना ती गाळ्यात पॅकिंगच्या कामाला परत गेली होती. "भाऊजी, मग मी दूध कधी तोडलं, तेही यात दिसेल?"

यात नाही, मी म्हटलं. पुढच्या दुधाच्या दाताचं इनॅमल बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत बनून संपतं. मागच्या दुधाच्या दाढेत मात्र पाचवा महिना सापडेल. ती पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत.

दात तिनं कानातल्यांच्या डबीत ठेवला. "ती दाढ पण फेकू देऊ नका," म्हणाली.