दोन भेटींमधला रुग्ण

रुग्ण आमच्यासमोर बसतो तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. पुढचे पंधरा दिवस तो घरी असतो, शेतात असतो, वऱ्हाडच्या उन्हात असतो. आणि व्याधी वाढतो किंवा शमतो तो याच काळात. चरकसंहितेतील दशविध परीक्षेत आहारशक्ती व व्यायामशक्ती यांचा समावेश आहे. या गोष्टी तपासणीच्या टेबलावर कळत नाहीत, त्या दिनक्रमातून कळतात. आजवर त्यासाठी रुग्णाच्या सांगण्यावरच विसंबावे लागे. आता मनगटावर, बोटावर किंवा दंडावर लावावयाचे संवेदक घरोघरी पोहोचले आहेत. रुग्ण त्यांचे आकडे घेऊन आपल्याकडे येतो, तेव्हा त्या आकड्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही.

आम्हांस हा धडा मिळाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. कोविडची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात लवकर उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. अकोला जिल्ह्यातही निर्बंध आले. त्याच दिवसांत मूर्तिजापूर तालुक्यातील आमच्या एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा दूरध्वनी आला. वडिलांच्या बोटावरील ऑक्सिमीटर ८९ दाखवीत होता. मागोमाग वडील स्वतःच बोलू लागले, "मले काही नाही झालं जी. यंतरच बिघडलं वाटते." स्वर खणखणीत, वाक्य एका दमात पुरे. आमचाही कल त्यांच्यावर विश्वास ठेवण्याकडेच झुकला होता. तरी आम्ही त्याच यंत्राने मुलाचे व सुनेचे बोट तपासावयास सांगितले. दोघांचेही ९८ आले. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याच रात्री त्यांना अकोल्यास हलविण्यात आले आणि बारा दिवसांनी ते घरी परतले.

प्रांजळपणे सांगावयाचे तर, स्वर आणि धीर यांवरून आम्ही निर्णय घेतला असता तर तो चुकला असता. रक्तातील प्राणवायू घटला, तरी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असेल तर धाप लागेलच असे नाही. रुग्णास जे जाणवत नव्हते, ते त्या चिमट्याने दाखविले.

आकडा कोठून येतो?

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ऑक्सिमीटर चालतो. लाल व अवरक्त प्रकाश रक्तात किती शोषला जातो, यावरून तो प्राणवायूचे प्रमाण काढतो. मनगटी घड्याळे बहुधा हिरव्या प्रकाशाने नाडीचे ठोके मोजतात. प्रकाशाच्या वाटेत जे येईल त्याने आकडा बदलतो : थंड बोटे, नखपॉलिश, मेंदी, सैल पट्टा, हाताची हालचाल. त्वचेच्या वर्णाचाही परिणाम होतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटरने न दाखविलेली प्राणवायूची घट कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट आढळली. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या रुग्णांबाबत हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

नसलेला आकडा

दुसरा अनुभव उलट दिशेचा. अकोट तालुक्यातील एका मधुमेही भगिनींना मुलाने स्वस्तातले घड्याळ भेट दिले. ते रक्तशर्करा रोज ११० च्या आसपास दाखवी. बाईंनी समाधानाने गोळ्या निम्म्यावर आणल्या. थकवा व वारंवार लघवीची तक्रार घेऊन त्या आल्या, तेव्हा ग्लुकोमीटरवर ३१२ निघाली. सुई न टोचता केवळ घड्याळाने वा अंगठीने रक्तशर्करा मोजण्याच्या दाव्यांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. दंडावर लावावयाचा शर्करा-संवेदक निराळा; त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि तेथील द्रवातील शर्करा मोजतो. तोही रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो.

औषधविक्रेत्या बंधूंचे उत्तरदायित्व येथे मोठे आहे. १ एप्रिल २०२० पासून केंद्र शासनाने सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणली. खोक्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव व परवाना क्रमांक पाहावा, आणि विकताना ग्राहकाच्या हाताला लावून वापर दाखवावा. ज्या घड्याळावर वैद्यकीय वापरासाठी नसल्याचे बारीक अक्षरांत छापले असेल, ते रक्तशर्करेसाठी म्हणून विकू नये.

आमचा प्रघात

आम्ही आता घरी उपकरण असलेल्या प्रत्येक रुग्णास एक वही करावयास सांगतो. पाच मिनिटे स्वस्थ बसून, सकाळ-सायंकाळ ठरल्या वेळी नोंद. शेजारी आहार, झोप, मलप्रवृत्ती व औषधाची वेळ. पहिल्या आठवड्यातील आकडे हा त्या रुग्णाचा स्वतःचा पाया. शंका आल्यास तेच यंत्र घरातील निरोगी माणसास लावून पाहावयाचे. घरी मोजलेला रक्तदाब सरासरी १३५/८५ वा त्याहून अधिक राहिला, तर भेटीची वाट न पाहता यावयाचे.

घड्याळाने अनियमित ठोक्यांची सूचना दिल्यास आम्ही स्वतः नाडी पाहतो आणि ईसीजी करवून घेतो. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत अशी सूचना मिळालेले अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून नोंद पाठविली, त्यांतील ३४ टक्क्यांत त्या काळात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित गती सापडली. सूचना म्हणजे निदान नव्हे. परंतु ती दुर्लक्षिण्याजोगीही नव्हे.

सर्वांत महत्त्वाची ती वहीच्या पहिल्या पानावरील ओळ. कोणत्या आकड्यास आम्हांस कळवावयाचे आणि कोणत्या आकड्यास आमची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावयाचे, ते आम्ही स्वहस्ते लिहून देतो. मूर्तिजापूरच्या त्या घरात अशी ओळ असती, तर "यंतर बिघडलं" की नाही, या वादात तो तासभर गेला नसता.