रोग रेड्याला, औषध पखालीला

बँक असो, पोस्ट असो वा महाविद्यालयाचे कार्यालय असो, खिडकीपाशी एक वाक्य हमखास ऐकू येते: "लिंक नाही, उद्या या." ते ऐकून झरी-जामणीकडचा किंवा घाटंजीकडचा विद्यार्थी परतीची एस.टी. पकडतो. त्याचा एक दिवस आणि जाण्यायेण्याचे भाडे वाया जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरला, की तो महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये येतो. तेथे तपासून पुढे पाठविल्याशिवाय तो हलत नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात लिंक का तुटते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या सर्वांचा आहे. कला शाखेचा विद्यार्थी असूनही मी या विषयावर लिहितो आहे, ते याच कारणाने.

कार्यालयातील सर्व संगणकांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात, तिला स्विच म्हणतात. तिच्यावर ओळीने खाचा असतात. त्या म्हणजे पोर्ट. टपाल कचेरीत पत्ता पाहून पत्रे त्या त्या खणात टाकतात, तसा स्विच प्रत्येक संगणकाचा पत्ता लक्षात ठेवून माहिती योग्य पोर्टाकडे धाडतो. पोर्टाजवळ बारीक दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर माहितीची ये-जा चालू आहे, असे बहुधा समजावे. तो मधूनमधून पूर्ण विझून पुन्हा लागत असेल, तर मात्र जोडणीच तुटते आहे.

तारेच्या आत आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो, कारण बाहेरचा विजेचा उपद्रव मग दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि दोहोंतील फरक तेवढा मोजला की तो गळून जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1881 साली टेलिफोनसाठी पेटंट केली होती. टोकाशी हा पीळ फार उलगडला, तार दारात चेंबली किंवा विजेच्या तारेला चिकटवून नेली, की युक्तीचा उपयोग उरत नाही. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार घातली, तर ती लवकर मोडते. शिवाय तारेची एकूण लांबी 100 मीटरपेक्षा अधिक असू नये.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोन्ही टोकांची यंत्रे प्रथम आपसांत वेग ठरवितात. ही बोलणी दोनच जोड्यांवर होतात; पण एक गिगाबिटचा वेग ठरला तर कामाला चारही जोड्या लागतात. उरलेल्या दोहोंपैकी एखादी तार तुटकी असेल, तर करार होतो आणि काम सुरू होताच मोडतो. पुन्हा बोलणी, पुन्हा मोड. अशा वेळी वेग मुद्दाम 100 मेगाबिटवर ठेवून पाहावा. जोडणी टिकली, तर संशय तारेवर घ्यावा.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. पूर्वी यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर शकुंतला धावत असे. मार्ग एकेरी, त्यामुळे एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. समजा, एका स्टेशनमास्तरने मार्ग दुहेरी मानला आणि दुसऱ्याने एकेरी, तर काय होईल? स्विचचे एक टोक हाताने 'दुहेरी'वर कायम केले आणि दुसरे आपोआप ठरविण्यावर सोडले, की नेमके हेच होते. ते दुसरे टोक एकेरी धरून चालते. दिवा हिरवाच राहतो, पण काम वाढले की माहितीची टक्कर होऊन सारे रखडते. यावर उपाय एकच: दोन्ही टोकांची मांडणी सारखी ठेवावी.

मग दोष शोधावा कसा? आधी विचारावे, बंद एक पोर्ट पडते की सगळीच? सगळी एकदम पडत असतील तर स्विचचा वीजपुरवठा, त्याचा अडॅप्टर आणि उष्णता पाहावी. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या पेटीने किती सोसावे? एकाच तारेची दोन्ही टोके चुकून त्याच स्विचमध्ये गेली नाहीत ना, हेही पाहावे. तसे झाले तर साध्या स्विचवर तोच तो संदेश फिरत राहून सगळ्यांचीच वाट अडते. एकच पोर्ट पडत असेल, तर ती तार शेजारच्या चांगल्या पोर्टात लावावी. दोष तारेबरोबर गेला, तर तार किंवा संगणक. जुन्या पोर्टातच राहिला, तर पोर्ट. पुढे तार बदलावी, मग संगणक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

जिल्ह्यातल्याच एका कार्यालयात मी काही दिवस मदतीला होतो. तेथे गर्दी झाली की खिडकीजवळच्या संगणकाची जोडणी तुटे. गर्दीमुळे साइटवर ताण येतो, असे सारे म्हणत. वेळा वहीत टिपल्या तेव्हा दिसले, की शेजारचा संगणक त्याच क्षणी व्यवस्थित चालतो. तार बदलताना कारण हाती लागले. तिच्या टोकाच्या प्लगची प्लास्टिकची खिट्टी मोडली होती. मुले खिडकीवर रेलली की टेबल सरके आणि प्लग सैल होई. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असे. नवी तार काही रुपयांची होती. तिच्यापायी किती जणांच्या फेऱ्या झाल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी आणि स्विचपाशी एक वही, एवढी सोय कोणत्याही कार्यालयाला परवडण्यासारखी आहे. वहीत दिवस, वेळ, पोर्ट आणि काय बदलले ते लिहावे. यासाठी अभियंता लागत नाही. नीट पाहणे आणि नीट लिहिणे लागते, आणि ते तर आपण कला शाखेत शिकतोच.