समाजमाध्यमांची रचना आणि सम्यक वाचा

दि. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. अशा अफवा त्या काळी मोबाइलवरून देशभर पसरत होत्या.

ऐकीव गोष्ट, परंपरा वा सांगणाऱ्याचा अधिकार एवढ्यावरून काहीही सत्य मानू नये, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. परंतु एक बटन दाबताच संदेश शेकडो लोकांकडे जात असेल, तर विवेकाला अवसर कोठून मिळणार? वेदनेतून तृष्णा व तृष्णेतून उपादान ही प्रतीत्यसमुत्पादाची साखळी येथे क्षणार्धात पुरी होते.

हा अवसर रचनेतच ठेवता येतो. तथागतांनी उपदेशाबरोबर संघाला कार्यपद्धतीही घालून दिली. ञत्तिचतुत्थ कम्मात प्रथम ञत्ति म्हणजे प्रस्ताव मांडून नंतर तीन वेळा घोषणा होई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, नसेल त्याने बोलावे. त्रिवार घोषणेमुळे फेरविचाराला वाव राही. भिक्षुसंघाच्या सभानियमांचा निर्देश डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केला होता.

जमावहत्यांच्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये, भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरले. संदेश कूटबद्ध असल्याने त्यांतील मजकूर कंपनीला वाचता येत नाही. सत्यासत्याचा निवाडा तिच्या हाती नव्हता. गतीला आवर घालणे मात्र होते.

तथापि पाच हा आकडा प्रज्ञा देत नाही. भिक्षेवर जगणाऱ्या भटक्याकडे संशयाने पाहणारी दृष्टी बटनाची गती कमी केल्याने बदलत नाही. रचना केवळ अवसर देते. त्याचा उपयोग माणसाने करावयाचा असतो. अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच अंगे सांगितली आहेत: ती काळोचित, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीचित्ताने उच्चारलेली असावी. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी प्रत्येकाने या पाच कसोट्या लावाव्यात आणि बटन घडविणाऱ्यानेही त्या आपल्या रचनेला लावून पाहाव्यात. राईनपाड्याच्या पाच मृतांप्रत आपले एवढे तरी कर्तव्य आहे.