श्वानासह वाई-सातारा : घाट, वाडे आणि काही पथ्ये

सुटीत बाहेरगावी जायचे ठरले की घरातल्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न शहरातील अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. शेजाऱ्यांवर भार टाकणे संकोचाचे वाटते आणि त्याला अनोळखी ठिकाणी ठेवणे जिवावर येते. त्याला सोबत नेणे हा उत्तम पर्याय आहे; मात्र मग कोठे जायचे आणि किती वाजता फिरायचे, हे माणसांच्या हौसेपेक्षा कुत्र्याच्या प्रकृतीवर आणि कायद्यावर ठरवावे लागते.

कायदा काय सांगतो?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षित स्मारकांना १९५९ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार स्मारकाच्या देखभालीखेरीज अन्य कारणासाठी तेथे कोणताही प्राणी आणता येत नाही. रायगड, शनिवारवाडा, अजिंठा आणि वेरूळ ही सारी स्थळे या नियमाखाली येतात. त्यामुळे इतरत्रही संरक्षित स्मारकाचा फलक दिसल्यास आत जाण्यापूर्वी पहारेकऱ्याला विचारणे इष्ट. अभयारण्ये आणि कासचे पठारही वगळावे. कुत्र्यांपासून वन्य प्राण्यांना डिस्टेंपरसारख्या रोगांची बाधा होऊ शकते, तर बिबट्याच्या दृष्टीने कुत्रा हे सोपे भक्ष्य असते.

छोट्या गावांचा पर्याय

अशा वेळी नदीकाठची छोटी गावे सोयीची ठरतात. पुण्याहून दोन-अडीच तासांच्या अंतरावरील वाई हे त्याचे उत्तम उदाहरण. कृष्णेकाठी येथे घाटांची रांगच आहे. सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर त्यांतील एका घाटावर उभे आहे. जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा असून, त्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट नदीत उतरतो. १७३९ मधील वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज बनावटीची घंटा येथील मंदिरापाशी टांगलेली आहे. 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटामुळे हा घाट अनेकांना परिचित झाला.

साताऱ्याकडे जाताना लिंब गावात बारा मोटेची विहीर लागते. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. रुंद पायऱ्या, कोरीव कमानी आणि विहिरीवरच बांधलेला महाल हे तिचे वैशिष्ट्य. पुढे साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या काठावरील संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. श्वानप्रेमींनी या स्थळाला अवश्य भेट द्यावी.

मंदिराच्या गाभाऱ्यात, वाड्यात किंवा विहिरीच्या पायऱ्यांवर कुत्र्याला नेऊ नये. एकाने त्याला घेऊन बाहेर थांबावे आणि दुसऱ्याने पाहून यावे, ही आळीपाळीची पद्धत बरी. घाटावर पट्टा हातातच असावा. वरच्या बाजूला धोम धरण असल्याने पाणी सोडल्यावर प्रवाहाला जोर येतो.

उन्हाचा धोका

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घर्मग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीर थंड ठेवण्यासाठी त्याला धापा टाकण्यावर अवलंबून राहावे लागते. त्याचे सामान्य तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले तर जिवावर बेतते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक. घाटाचा काळा दगड आणि डांबरी रस्ता दुपारी तव्यासारखा तापतो. हाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल, तर कुत्र्यालाही तेथे चालवू नये. भटकंती सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर करावी. बंद मोटारीत त्याला काही मिनिटेही सोडू नये. तो अति धापा टाकू लागला, लडखडू लागला किंवा त्याच्या हिरड्या लालभडक झाल्या, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने पशुवैद्य गाठावा.

रोग आणि लसीकरण

निघण्यापूर्वी रेबीजची आणि अन्य लसींची मुदत तपासावी व लसीकरणाची पुस्तिका सोबत ठेवावी. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि तो माणसालाही होतो. म्हणून घरचे पाणी आणि वाडगे सोबत न्यावे. परतल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या गोचिडांसाठी तपासाव्यात. भटक्या कुत्र्याचा चावा माणसाला बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते.

प्रवास आणि मुक्काम

रेल्वेत कुत्र्याला सोबत बसवून न्यायचे असेल, तर वातानुकूलित प्रथम वर्ग किंवा प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे वा केबिन आरक्षित करावी लागते. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. लांबच्या पल्ल्यात ही पेटी कुत्र्याला त्रासदायक ठरते. त्यामुळे वाई-साताऱ्याच्या सहलीला स्वतःची मोटार सोयीची. दर दोन तासांनी थांबावे आणि निघण्यापूर्वी त्याला पोटभर खायला देऊ नये. मुक्कामाच्या ठिकाणी कुत्रा चालेल का, हे आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे.

गावातील रस्ता हा गुरांचा, मेंढरांचा आणि शाळेच्या मुलांचाही असतो. कळप येताना दिसला की कुत्र्याला आखूड धरून बाजूला थांबावे आणि त्याची विष्ठा कागदात उचलून कचराकुंडीत टाकावी. गावात कुत्र्यांना नेण्यास मज्जाव करणारा फलक अनेकदा एखाद्याच पाहुण्याच्या बेफिकिरीने लागतो. पुढच्या पाहुण्याला त्याच्या कुत्र्यासह घाटावर बसता यावे, ही जबाबदारी आधी येऊन गेलेल्यावर असते.