खडा फुटतो, पित्ताशय उरते

उगम : अतिवेगवान विमानांवर आदळणाऱ्या पर्जन्यबिंदूंच्या अभ्यासातून जर्मनीतील डॉर्नियर कंपनीच्या संशोधकांना ज्या आघात-लहरींचे सामर्थ्य उमगले, त्या लहरींनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे माणसाचा मूत्रखडा प्रथम फोडला, आणि १९८५ मध्ये त्याच नगरीत झाउअरब्रुख, पाउमगार्टनर प्रभृती वैद्यांनी हा इलाज पित्तखड्यांवर अमलात आणला.

क्रिया : सुरुवातीच्या यंत्रांत रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवून लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या एका नाभीपाशी विजेची ठिणगी पाडली, की तिच्यातून उठलेली लहर, पाणी आणि देहातील मृदू ऊती यांचे ध्वनिगुण जवळजवळ समान असल्यामुळे, त्वचेला छेद न देता आत शिरते व दुसऱ्या नाभीवर नेमक्या आणलेल्या खड्यावर एकवटून त्याचे तुकडे करते.

पात्रता : क्ष-किरणांत न दिसणारा कोलेस्टेरॉलचा, शक्यतो एकच, दोन सेंटिमीटरपर्यंतचा खडा, आणि नीट आकुंचन पावणारे पित्ताशय.

उत्तरोपचार : उरलेला चुरा विरघळावा म्हणून पित्ताम्लाच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, एखादा तुकडा नलिकेत अडकल्यास पोटशूळ, क्वचित स्वादुपिंडदाहही उद्भवतो.

मर्यादा : खडे घडविणारे पित्ताशयच कायम राहत असल्याने खडे पुन्हा होण्याचे भय सरत नाही, म्हणूनच १९८५ मध्येच जर्मनीत एरिख म्यूहे यांनी आरंभिलेल्या, पित्ताशयच काढून टाकणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पुढे हा इलाज मागे सारला. पित्तनलिकेत रुतलेल्या हट्टी खड्यांसाठी मात्र त्याची उपयुक्तता आजही शाबूत आहे.