पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी

आकाशवाणीवरून रंगांविषयी बोलायचं म्हणजे जरा विचित्रच. ऐकणाऱ्यांना रंग दाखवता येत नाही. पण आजचा विषय असा आहे की त्यात दाखवण्यासारखे रंग फारसे उरलेलेच नाहीत. विश्वास बसत नसेल तर आज संध्याकाळी सीताबर्डीच्या नाहीतर सदरच्या एखाद्या पार्किंगपाशी उभे राहा आणि पन्नास मोटारी मोजा. पांढरी, पांढरी, राखाडी, काळी, पांढरी, चंदेरी. मध्येच एखादी लाल, एखादी निळी. संत्र्यांसाठी नावाजलेल्या आपल्या या शहरात केशरी मोटार दिसली तर माणूस मान वळवून पाहतो.

हे काही नागपूरचंच वैशिष्ट्य नाही. पांढरा, काळा, राखाडी आणि चंदेरी हे चार रंग मिळून जगातल्या नव्या मोटारींपैकी सुमारे चार-पंचमांश मोटारी व्यापतात. भारतात एकट्या पांढऱ्याचाच वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आणि हे कुठल्या देशात? जिथे लग्नाच्या मांडवात दोन साड्या एका रंगाच्या सापडत नाहीत तिथे! आपल्याकडे तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत पाहायला अख्खं गाव लोटतं. रंगांचं आपल्याला वावडं आहे, असं कोणी म्हणणार नाही. मग मोटार घेतानाच हात का आखडतो?

माझं उभं आयुष्य रंगात गेलं. अमरावती रोडवरच्या आपल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये मी रंगांचं तंत्रज्ञान शिकलो आणि पुढे निवृत्त होईपर्यंत रंगाच्या कारखान्यात नोकरी केली. त्यामुळे नात्यातलं कोणीही गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो. या दिवाळीत तो माझ्या मुलीचा आला. तिला उत्तर देण्याआधी मी थोडा अडखळलो, कारण हाच प्रश्न एकदा माझ्याच घरात आला होता आणि त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं.

साल २००५. निवृत्तीचे पैसे हाती आले होते आणि आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची होती. माझ्या पत्नीचं माहेर गडचिरोलीकडचं. ती म्हणाली, ‘‘अहो, एकदाच घ्यायची आहे तर लाल घेऊ. फाल्गुनात पळस फुलतो ना, तशी.’’ मी पडलो रंगातला जाणकार. मी तिला सांगितलं, की लाल रंग विटतो, आणि विकायला काढली तर लाल गाडी घेणार कोण? ती म्हणाली, ‘‘पण विकायची कधी आहे?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी आम्ही चंदेरीच घेतली. त्या वर्षांत चंदेरी हा जगभर सर्वांत खपणारा रंग होता, हे मी तिला मोठ्या अभिमानाने ऐकवलं होतं.

आता सोबर रंगांच्या बाजूने जी कारणं सांगितली जातात, ती एकेक तपासू.

पहिलं कारण अर्थातच ऊन. नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल मी काय सांगणार! २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखवले; पुढे तो यंत्रातला बिघाड निघाला, पण त्या दिवशी तो आकडा ऐकून कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं, हे मात्र खरं. अशा उन्हात फिका रंग उपयोगी पडतो हे मोजून सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियाच्या उन्हात एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्याच मोटारी तासभर उभ्या केल्या. चंदेरी गाडीचं छत काळीपेक्षा २५ अंशांपर्यंत थंड राहिलं आणि आतली हवा ५ ते ६ अंशांनी कमी तापली. आतला फरक इतका थोडा का? कारण बरीचशी उष्णता काचांमधून आत येते आणि काचेला गाडीचा रंग नसतो. तरीही पाच-सहा अंश म्हणजे थोडे नव्हेत.

पण इथेच एक अडचण येते. ऊन हेच खरं कारण असतं, तर काळी गाडी कोणी घेतलीच नसती. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत भारतात पांढऱ्याचा वाटा हळूहळू उतरतो आहे आणि काळ्याचा चढतो आहे. म्हणजे माणसं पांढरा सोडून लालकडे जात नाहीत, काळ्याकडे जातात! उन्हाच्या हिशेबात पांढरा आणि काळा ही दोन टोकं. गिऱ्हाइकाला मात्र ती शेजारी-शेजारी वाटतात.

दुसरं कारण टिकाऊपणाचं, आणि इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण हा माझा प्रांत आहे. मोटारीवरचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग गंज रोखणारा विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर, त्यावर पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. हे सगळं मिळून जाडी किती, तर साधारण केसाएवढी. त्यातल्या रंगाच्या पातळ थरात जी भुकटी असते तिच्यावर सगळं अवलंबून. पांढऱ्याची भुकटी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. गंमत अशी की तो बनतो इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजापासून. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते सापडतं. या पांढऱ्याची झाकण्याची ताकद विलक्षण. पातळ हात दिला तरी खालचं काही दिसत नाही, आणि ऊन त्याच्या रंगाचं काही बिघडवू शकत नाही.

लालची गोष्ट उलटी. जुन्या काळी वापरली जाणारी लाल सेंद्रिय द्रव्यं उन्हात पाच-सात वर्षांत गुलाबट पडत. अशा विटलेल्या लाल गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. टपावर फिकट, दाराखाली गडद. पिवळा आणि केशरी तेव्हा चांगले टिकत, पण त्यांत शिशाचे क्रोमेट असत. ते विषारी, म्हणून मोटारींच्या रंगांतून ते काढून टाकले गेले. त्यामुळे मधली काही वर्षं अशी गेली की चकचकीत रंग महाग तरी होता नाहीतर कच्चा तरी. आता तसं नाही. क्विनाक्रिडोन आणि त्यानंतर आलेली डीपीपी ही लाल द्रव्यं उन्हाला चांगली दाद देत नाहीत. लालला अजूनही एखादा हात जास्त लागतो, खाली जुळता प्रायमर द्यावा लागतो, एवढंच. म्हणजे २००५ साली मी पत्नीला ‘लाल विटतो’ म्हणून सांगितलं, तेव्हा माझं ज्ञान वीस वर्षं जुनं झालेलं होतं. रंगाच्या कारखान्यात असूनही! तंत्रज्ञान पुढे जातं, त्याविषयीची भीती मागेच रेंगाळते.

काळ्या रंगाचंही एकेकाळी असंच झालं होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली तेव्हा ती लाल, हिरव्या, करड्या रंगांतही मिळत असे. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळी निघाली, कारण डांबरातल्या द्रव्यापासून केलेलं काळं इनॅमल स्वस्त आणि चिवट होतं. पुढे ड्यूको हे झटपट सुकणारं लॅकर आलं, प्रतिस्पर्ध्यांनी निळ्या गाड्या आणल्या आणि १९२६ मध्ये फोर्डलाही रंगांकडे परतावं लागलं. तेव्हा लोकांना रंग हवेच होते.

धूळ, ओरखडे, गॅरेजमधलं टचअप यांचाही हिशेब लोक करतात. राखाडी आणि चंदेरीवर आपली धूळ दिसत नाही, हे खरं. काळ्यावर मात्र बोट फिरवलं तरी उमटतं. तरी तो खपतोच आहे.

मग राहतो रुबाब. नागपूरकरांच्या मनात पांढऱ्या गाडीचं चित्र दरवर्षी डिसेंबरात पक्कं होत गेलं. हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडरांची रांग लागायची, वर लाल दिवा. अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, लाल दिवे २०१७ साली उतरले, पण पांढरं म्हणजे साहेबी ही समजूत उतरली नाही. गमतीची गोष्ट म्हणजे पर्यटनाच्या भाड्याच्या गाड्याही बहुतेक पांढऱ्याच. माझ्या पुण्याच्या मेहुणीला त्यामुळे पांढरी गाडी टॅक्सीसारखी वाटते. तिने राखाडी घेतली आहे!

माझ्या तरुणपणी मात्र वेगळं होतं. तेव्हा फियाटसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. रंग निवडायचा नसे, नंबर लागायचा असे. जी येईल ती. धरमपेठेतल्या आमच्या डॉक्टरांची फियाट पोपटी होती आणि त्यांना कोणी ‘ही विकणार कशी’ असं विचारल्याचं आठवत नाही, कारण त्या टंचाईत कुठल्याही रंगाची गाडी विकली जात असे. निवड हाती नव्हती तेव्हा रस्त्यावर रंग होते, निवड हाती आली आणि सगळे पांढरे झाले.

याचं खरं कारण माझ्या मते त्या ‘विकणार कशी’मध्ये आहे. आपण गाडी स्वतःसाठी घेत नाही, पुढच्या गिऱ्हाइकासाठी घेतो. तो कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नाही. त्याला लाल आवडणार नाही, एवढं मात्र आपण ठरवून टाकतो. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ साली शेअर बाजाराबद्दल लिहिताना एका वर्तमानपत्री स्पर्धेचा दाखला दिला होता. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. ज्याची निवड सर्वांच्या सरासरीच्या जवळ, त्याला बक्षीस. मग शहाणा स्पर्धक स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही, इतरांना कुठला आवडेल तो निवडतो. आणि इतरही नेमका तोच विचार करत असतात! मोटारींचं हेच झालं आहे. विक्रेता जास्त खपणारा रंग भरून ठेवतो, गिऱ्हाइकाला तोच लगेच मिळतो, म्हणून तो आणखी खपतो. यात कोणाला काय आवडतं हे कुठेच विचारलं जात नाही.

बरं, तो अंदाज तरी बरोबर असतो का? अमेरिकेत आयसीकार्स या संकेतस्थळाने २०२५ साली तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या किमती तपासल्या. सगळ्या रंगांची सरासरी घसरण सुमारे ३१ टक्के, पिवळ्याची मात्र सुमारे २४. पांढऱ्या आणि काळ्या गाड्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच उतरल्या. पिवळ्यात महागड्या हौशी गाड्यांचा भरणा असतो, आणि अमेरिकेचा बाजार आपला नव्हे, हे मान्य. पण पांढऱ्यालाच भाव येतो, हे तिथे तरी खरं ठरलं नाही. पांढऱ्याला गिऱ्हाईक पुष्कळ आणि विकणारेही पुष्कळ, हे आपण विसरतो.

आता एक गोष्ट सांगतो, जिचा विचार रंग निवडताना मी केलाच नव्हता. २००९ च्या जुलैत, बुटीबोरीहून परतताना संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. रस्ता राखाडी, आभाळ राखाडी आणि आमची गाडी चंदेरी. समोरून ओव्हरटेक करत एक जीप थेट आमच्यावर आली. मी गाडी रस्त्याखाली घातली. पत्नीच्या मनगटाचं हाड मोडलं. जीपवाला धावत आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, दिसलीच नाही जी गाडी.’’ मी दिवे लावले नव्हते, हा माझा दोष. पण त्याचं म्हणणं खोटं नसावं. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाने २००७ साली केलेल्या अभ्यासात, दिवसाउजेडी अपघाताचा धोका पांढऱ्या गाडीच्या तुलनेत काळ्या गाडीला १२ टक्के, राखाडीला ११ आणि चंदेरीला १० टक्के जास्त आढळला. तांबडं फुटताना आणि सांजवेळी काळ्याचा धोका आणखी वाढतो. न्यूझीलंडमधला २००३ चा एक अभ्यास मात्र चंदेरीलाच सुरक्षित ठरवतो, तेव्हा यावर शेवटचा शब्द झालेला नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मोनाशच्या यादीत लाल गाडीही पांढरीपेक्षा ७ टक्क्यांनी मागे आहे. पत्नीला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘दहापेक्षा सात कमीच ना?’’

ती २०१६ साली गेली. गाडी आम्ही शेवटपर्यंत विकली नाही. पंधरा वर्षं झाली, नोंदणीची मुदत संपली, तेव्हा २०२१ मध्ये भंगारवाल्याला बोलावलं. त्याने बॅटरी पाहिली, टायर पाहिले, वजनाचा अंदाज घेतला. मी उगीच म्हटलं, रंग अजून चांगला आहे. तो म्हणाला, ‘‘काका, रंगाचं काय करता जी, आपण लोखंड पाहतो.’’

यंदा मुलीबरोबर शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, व्हाइट आणि ग्रे स्टॉकमध्ये आहे. रेडला सहा-सात आठवडे लागतील. रिसेललाही व्हाइटच बरी.’’ मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, किती वर्षं वापरणार? ती म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्यासारखीच, पंधरा.’’ मी तिथेच हिशेब केला. समजा लाल रंगामुळे शेवटी दहा हजार रुपये कमी आले. पंधरा वर्षांचे एकशेऐंशी महिने. महिन्याला पडतात छप्पन रुपये, म्हणजे फार तर दोन प्लेट तर्री-पोहे. दिवे मात्र पावसात दिवसाही लावायचे, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

तिने लालचं बुकिंग केलं. संक्रांतीनंतर गाडी येईल, असं शोरूमवाले म्हणतात.