बारावीनंतर संगीतात डिग्री? आधी घरात हे तीन प्रश्न बोलून घ्या

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेली चर्चा सुरू होते. डी.फार्म, बी.कॉम., नाहीतर नीटची आणखी एक तयारी. त्यात एखादी मुलगी म्हणते, "मला संगीतात डिग्री करायचीय," आणि सगळे गप्प होतात. दादींना दीनाची काळजी, अब्बूंना रोजीची, अम्मीला लोक काय म्हणतील याची. या काळज्या खोट्या नाहीत. पण नुसतं 'नाही' म्हणून त्या मिटतही नाहीत.

पहिला प्रश्न दीनाचा

संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आधी मान्य करूया. चारही मसलकांतल्या बहुतेक उलेमांनी वाद्यांना मनाई सांगितली आहे. दुसरीकडे इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये समा काही अटींसह जायज मानला, इब्न हज्म यांनी मनाईच्या हदीसी कमकुवत ठरवल्या, आणि चिश्ती दर्ग्यांत कव्वाली आजही होते. फतवा देणं आमचं काम नाही. ज्या आलिमांवर तुमचा विश्वास आहे त्यांच्याकडे मुलांना सोबत घेऊन जा. काय गायचं, कुठे, कोणासमोर, हे नेमकं विचारा. मनाचा फैसला प्रवेशाआधी व्हायला हवा. मनात खटका ठेवून रियाज होत नाही.

दुसरा प्रश्न: डिग्रीनं काय मिळतं?

हे क्षेत्र आपल्याला परकं नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. जयपूर-अत्रौलीचे उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या कोल्हापुरात होते. मिरजेचे सितार-तानपुरे पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागीर बनवतात आणि त्यांना आता जीआय मानांकनही मिळालंय. पण यातला कुणी उस्ताद कॉलेजात घडला नाही. ते घडले वर्षानुवर्षांच्या तालमीनं.

म्हणून डिग्रीकडून नेमकी अपेक्षा ठेवा. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र अशा ठिकाणी शास्त्र, इतिहास, सोबतीला वाजवणारे आणि रोजचं वातावरण मिळतं. गळा तयार करायला गुरू आणि रियाज लागतोच.

पूर्णवेळ डिग्रीशिवायही वाट आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कोणतंही शिक्षण घेता घेता देता येतात. विशारद पूर्ण व्हायला साधारण सात वर्षं लागतात. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुसरा विषय घेण्याची सोय आहे, तेव्हा तुमच्या कॉलेजात संगीत मिळतं का, हेही विचारून पाहा.

तिसरा प्रश्न रोजीचा

मंचावर गाऊन घर चालवणारे थोडेच. बहुतेकांची कमाई अनेक कामांतून जमते: खासगी क्लास, साथसंगत, शाळेत शिकवणं, रेकॉर्डिंग. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट लागते. आकाशवाणीची ऑडिशन पास झाल्यावर बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात आली की अर्ज जरूर करा. तरीही सुरुवातीची काही वर्षं हात तंग राहतो. घरावर कर्ज असेल, पाठची भावंडं शिकत असतील, तर हा हिशेब मुलांसमोर उघडा मांडा. लपवू नका.

मग ठरवायचं कसं?

आमचं म्हणणं सोपं आहे. सहा महिने थांबा आणि बघा. कुणी न सांगता रोज दोन तास रियाज होतोय का? रील बनवायची हौस वेगळी आणि एकच पलटा शंभरदा घोटायची तयारी वेगळी. मग नात्याबाहेरच्या, न शिकवणाऱ्या एखाद्या जाणकाराला ऐकवा आणि खरं मत मागा. स्वतःचे गुरू कौतुक करतात, घरचे तर करतातच.

रियाज टिकला, जाणकारानं होकार दिला आणि घराचा हिशेब बसला, तर बिनधास्त पाठवा. यातलं एक जरी डळमळलं, तर दुसरी डिग्री घ्या आणि विशारद चालू ठेवा. त्यात हार नाही, गाणं कुठे जात नाही.

निर्णय काहीही होवो, तो मुलांना सोबत बसवून घ्या. ऐकून घेऊन सांगितलेला नकार मुलं पचवतात. न ऐकता दिलेला नकार मात्र वर्षानुवर्षं मनात राहतो.